रबरी हातावरची उलटी भोकं

मित्रांनो, तुम्ही कुणाच्या घरी गेलात तर लोक तुमचा हात हातात घेतात, खुशाली विचारतात. माझा हात कुणी हातात घेतला की मी ओळखतो, आता सुई येणार. माझी तक्रार नाही. मी त्याचसाठी घडलो. रुग्णालयाच्या आवारात परिचारिकांना शिकवणाऱ्या एका शाळेतला मी जुना रबरी हात आहे. दंडापासून बोटांच्या टोकांपर्यंत अख्खा, लाकडी फळीवर चार स्क्रूंनी आवळून बसवलेला.

मला डोळे नाहीत. हाताला कुठून असणार? पण स्पर्श कळतो आणि आवाज ऐकू येतो. त्यामुळे मी जे सांगेन ते चाचपून आणि ऐकून सांगेन. पाहिलेलं काहीच नाही. पाहणारे किती चुकतात ते पुढे येईलच.

माझा साचा एका खऱ्या माणसाच्या हातावरून घेतला होता. तो आमच्या कारखान्यात पेट्या बांधायचा. दिवसभर दोऱ्या आवळून त्याच्या शिरा अशा टरारून वर आल्या होत्या की कारागिरांनी त्यालाच धरून बसवलं. त्याच्या मनगटावर कसलासा जुना व्रण होता, तोही माझ्यावर उतरला. पुढे विद्यार्थिनींच्या कित्येक तुकड्या त्या व्रणाला शीर समजून फसल्या.

माझ्या कातडीखाली तीन नळ्या आहेत. वर खुंटीला लाल पाण्याची बाटली टांगतात, ते पाणी नळ्यांतून फिरतं आणि सुई बरोबर बसली की सिरिंजमध्ये चढतं. शाळेतल्या मोठ्या बाई पहिल्याच दिवशी या तीन नळ्यांची ओळख करून द्यायच्या. मोठ्या बाई म्हणजे सगळ्या शिक्षिकांच्या वरच्या. वॉर्डात सत्तावीस वर्षं काढून इथे आलेल्या.

"कोपराच्या खळगीतली ही मधली शीर सगळ्यात भली," त्या सांगायच्या. "अंगठ्याच्या बाजूची जरा लांब पडते, पण सरळमार्गी आहे. करंगळीच्या बाजूची मात्र लबाड. दिसायला टपोरी, पण सुई टेकली की सटकते, आणि तिच्या शेजारीच धमनी आणि मज्जातंतू राहतात. तिच्या नादी लागायचं नाही." मग माझ्यावर थाप मारून म्हणायच्या, "आणि या हातावर विश्वास ठेवू नका. याच्या शिरा रोज एकाच जागी असतात. माणसांचं तसं नसतं. हा शिस्तीत खोटं बोलणारा हात आहे. डोळ्यांनी शीर शोधाल तर फसाल. बोटानं शोधा."

मला त्याचा राग नाही आला. खरं ते खरं.

मला सांभाळायचं काम मावशींकडे होतं. सरावाच्या खोलीची किल्ली, कपाटं, सुया, पट्ट्या, कापूस, सगळं त्यांच्या ताब्यात. मुली त्यांना तोंडावर मावशी म्हणायच्या आणि पाठीमागे कुलूपमावशी. दार लावलं की त्या कुलूप तीनदा ओढून बघायच्या, चार पावलं जायच्या आणि परत येऊन चौथ्यांदा ओढायच्या. दुधाच्या बाटलीवर पेन्सिलीनं रेघ मारून ठेवायच्या. त्यांचे यजमान एकदा डबा द्यायला आले, तेव्हा हसत म्हणाले होते, "आमची ही आरशालासुद्धा विचारते, तू नक्की मीच ना?" मावशी हसल्या नाहीत. पण त्यांचे हात फार मायेचे होते. रोज संध्याकाळी त्या माझ्या नळ्यांतलं पाणी काढायच्या, कोमट पाण्यानं मला पुसायच्या, पावडर लावायच्या, आणि मोठ्या भोकांवर रबराचं ठिगळ बसवायच्या. माझ्या कातडीवरचं भोक न् भोक त्यांना बोटांनी पाठ होतं.

अशाच एका संध्याकाळी पावडर लावता लावता त्यांचं बोट थांबलं. पुढे सरकलं, मागे आलं, पुन्हा थांबलं.

"ही भोकं उलटी आहेत," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

झालं होतं असं. उजव्या हातानं टोचणाऱ्याची सुई किंचित एका बाजूला कलते. सगळ्या मुली उजव्या हातानंच टोचायच्या, त्यामुळे माझी सगळी भोकं एकाच दिशेला कललेली. ही नवीन पाच-सहा भोकं मात्र विरुद्ध बाजूला कललेली होती, आणि चांगलीच. मावशींनी ताबडतोब सुयांचा डबा उघडला. सहा सुया कमी भरल्या.

आता सुई हरवणं म्हणजे काही खडू हरवणं नव्हे. सुया चोरून बाहेर नशा करणाऱ्यांना पोचवल्याची एक भानगड दुसऱ्या एका शाळेत झाली होती, आणि तिथल्या भांडारवाल्या बाईची नोकरी गेली होती. मावशींनी तेव्हापासून त्या गोष्टीचा धसका घेतला होता. त्या रात्री त्या जेवल्या नसाव्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची बोटं गार होती.

मला मात्र ठाऊक होतं की कुणीतरी येतं. भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. मुली जेवायला गेलेल्या असत आणि मावशी सासूबाईंना भरवायला घरी. दार हळूच उघडे, आतून कडी लागे. एक शब्द नाही. दंडाला पट्टा आवळला जाई. मग डाव्या हाताची बोटं माझ्या कोपराच्या खळगीत चाचपत. ती बोटं माझ्या ओळखीची नव्हती. आणि दुसरा हात माझ्या मनगटावर टेकलेला असे. तो कापत असे. बारीक, एकसारखा, बाटलीतल्या पाण्यालाही कळेल असा. मी मनाशी म्हणालो, हा चोर आहे. भ्यायलाय. नाहीतर हात कशाला कापेल?

बघा मित्रांनो, संशय किती सांसर्गिक असतो. रबरालाही लागला.

मावशींचा हिशेब साधा होता. भोकं डाव्या हाताची, आणि तुकडीत डावखुरी मुलगी एकच. तिला सगळ्या डावरीच म्हणायच्या. जेवायची डाव्या हातानं, लिहायची डाव्या हातानं. पण टोचायचं उजव्या हातानं, असा मोठ्या बाईंचा नियम होता. "सगळ्यांची पद्धत एक हवी. रुग्णाला उलटा हात दिसला की तो बिचकतो," त्या म्हणायच्या. त्यामुळे डावरीची सुई नेहमी अडखळायची. तुकडीत सगळ्यात जास्त वेळा मी तिच्याच हातून फुकट भोसकला गेलो असेन. शिवाय हजेरीचं पुस्तक शिक्षिकांच्या खोलीत नेऊन ठेवायचं काम तिचं, आणि सरावाच्या खोलीची दुसरी किल्ली त्याच खोलीत खिळ्याला टांगलेली. मावशींना आणखी काय हवं होतं? त्यांनी आठवडाभर मनातल्या मनात गाठी मारल्या, आणि एका शुक्रवारी डावरीला माझ्या टेबलापाशी उभं केलं. मोठ्या बाईंना बोलावून खुर्चीत बसवलं.

"बाई, ही दुपारची इथे येते. सुया नेते. आता आठ गेल्या," मावशी म्हणाल्या.

"मी नाही आले," डावरी म्हणाली.

"मग भोकं कुणी पाडली? उंदरांनी?"

"मला नाही माहीत, मावशी. मी डबा खायला विहिणीच्या... म्हणजे ताईच्या सासूबाईंच्या वॉर्डात जाते. त्या इथेच भरती आहेत. रोज त्यांच्याजवळ बसते."

"कुणी बघितलंय?"

"त्यांनी बघितलंय. पण त्यांना आता माणसं ओळखू येत नाहीत."

"वा! साक्षीदार बरा शोधलास." मावशींचा आवाज चढला. "हात पुढे कर. कर पुढे! बघा बाई, बघा कसा कापतोय. खरं बोलणाऱ्याचा हात कापत नाही."

मोठ्या बाई पूर्वी बोलताना माझ्या मनगटावर हात ठेवून बसायच्या; हल्ली काही महिने ते बंद झालं होतं. आज जुन्या सवयीनं त्यांचा उजवा हात पुन्हा माझ्यावर आला होता. मावशींचं ते वाक्य संपलं, आणि मला माझ्या मनगटावर तोच कंप लागला. बारीक, एकसारखा. दुपारचा.

मोठ्या बाईंनी हात चटकन उचलून घेतला.

मित्रांनो, मला त्या क्षणी तोंड असतं तर! दोन हात कापत होते त्या खोलीत. एक सगळ्यांना दिसत होता आणि दुसरा नुकताच माझ्यावरून उठला होता. सगळ्या शाळेला खरं बोलायला शिकवणारी बाई आता बोलेल, असं मला वाटलं. मी वाट पाहिली.

"सोमवारपर्यंत हिनं या खोलीत पाऊल टाकायचं नाही," मोठ्या बाई अखेर म्हणाल्या. आवाज सरळ होता, पण कोरडा. "मग बघू काय करायचं ते."

"बाई, मंगळवारी प्रात्यक्षिक परीक्षा आहे!" डावरी म्हणाली. "सराव नाही केला तर मी नापास होईन."

"मग बघू म्हणाले ना."

डावरी गेली. रडली की नाही मला माहीत नाही. तिची चप्पल दारापर्यंत वाजत गेली आणि तिथे क्षणभर थांबली, एवढंच.

आता कुणीही म्हणेल की मावशी त्या दिवशी निवांत झाल्या असतील. चोर सापडला, किल्ली खिळ्यावरून काढून कमरेला लावली. पण संशयी माणसाचा एक गुण असतो. तो स्वतःलाही सोडत नाही. संध्याकाळी पावडर लावताना त्या पुटपुटत होत्या, "विहिणीच्या वॉर्डात... खोटं बोलायचं तर माणूस बरं काहीतरी बोलेल की." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ती किल्ली पुन्हा खिळ्याला टांगली. दुपारी यजमानांना निरोप धाडला की आज आईंना तुम्हीच भरवा. आणि खोलीच्या कोपऱ्यात, रुग्णाच्या खाटेला लावतात तसल्या पडद्यामागे एका स्टुलावर जाऊन बसल्या.

दार उघडलं. कडी लागली. पट्टा आवळला गेला. डावी बोटं आली, चाचपली, सुई टेकली. चुकली. पुन्हा टेकली. पुन्हा चुकली. तिसऱ्या वेळी माझ्या मधल्या नळीत शिरली आणि लाल पाणी सिरिंजमध्ये चढलं.

"आलं," मोठ्या बाई हलकेच म्हणाल्या.

पडद्याच्या कड्या खळखळल्या.

दहा वर्षं एका इमारतीत काम केलेल्या त्या दोघी. मावशींनी जगातल्या प्रत्येक माणसावर कधी ना कधी संशय घेतला असेल, पण मोठ्या बाईंवर? त्यापेक्षा त्यांनी घड्याळावर घेतला असता.

"बाई, तुम्ही?"

"हो."

"आणि सुया?"

"वापरून झाल्या की वॉर्डातल्या सुयांच्या डब्यात टाकते. एकही बाहेर गेली नाही." मोठ्या बाईंनी माझ्या दंडाचा पट्टा सोडला. एका हातानं सोडायला त्यांना वेळ लागला. "आठ महिने झाले, मावशी. आधी बशीवर कप वाजायला लागला. मग सही वाकडी यायला लागली. डॉक्टर म्हणाले, औषधानं थोडं थांबेल, पण वाढत जाईल. मी म्हटलं, डावा तर शाबूत आहे. त्याला शिकवू. मुलींसमोर चुकायची लाज वाटली, म्हणून दुपारी येत होते."

"वॉर्डात? वॉर्डात टोचलंत कुणाला?"

"नाही. सिस्टरांना पुढे करते, नाहीतर काहीतरी निमित्त काढून टाळते. त्याचीही आता लोकांना शंका यायला लागलीय."

"आणि ती पोर, बाई?"

"काल बोलणारच होते. तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, खरं बोलणाऱ्याचा हात कापत नाही. वाटलं, आता सांगितलं तर सत्तावीस वर्षांचं सगळं यांना खोटं वाटेल."

"म्हणून तिचं खोटं ठरू दिलंत."

"हो."

स्टूल सरकवून मावशी माझ्या टेबलापाशी येऊन बसल्या. "माझं तर बोलायलाच नको," त्या म्हणाल्या. "सगळ्या शाळेला कुलूप लावते, तेवढं तोंडाला लावायचं राहिलं." मग थोड्या वेळानं: "बाई, मी गप्प बसू शकते. माझ्याकडून अक्षर निघणार नाही. पण मग मला झोप नाही लागायची, आणि मी आधीच कमी झोपते."

"गप्प बसू नका," मोठ्या बाई म्हणाल्या. "सोमवारी सगळ्यांना इथे बोलवा. तिलाही."

सोमवारी खोली भरली होती. मोठ्या बाईंनी कसलीही प्रस्तावना केली नाही. बहुधा उजवा हात वर धरला असावा, कारण मुली एकदम शांत झाल्या. "हा हात कापतो," त्या म्हणाल्या. "भीतीनं नाही, आजारानं. दुपारी इथे मी येत होते. सुया मी घेतल्या. शुक्रवारी मला हे माहीत असताना मी एका मुलीला दोषी ठरू दिलं. शरीराबद्दल मी तुम्हाला पुष्कळ शिकवलं. कापणाऱ्या हाताची पन्नास कारणं असतात, भूक, थंडी, ताप, म्हातारपण, औषध, हे माझ्याइतकं इथे कुणाला ठाऊक नव्हतं. तरी मी गप्प बसले. तिची माफी मागते."

गोष्टीत अशा वेळी मुलगी धावत जाऊन बाईंच्या गळ्यात पडते. डावरी जागची हलली नाही.

"तीन दिवस मुली माझ्याशेजारी बसल्या नाहीत," ती म्हणाली. "आणि सहा महिने तुम्ही मला उजव्या हातानं टोचायला लावलंत, बाई."

"लावलं. तेही चुकलं. डाव्यानं कसं जमतं ते मला दाखवशील?"

तिची चप्पल वाजत माझ्या टेबलापाशी आली.

"दाखवीन," डावरी म्हणाली. "पण आधी उभं राहायची जागा बदला. तुम्ही डाव्या हातानं टोचता आणि उभ्या राहता उजव्या माणसाच्या जागी. म्हणून तुमची भोकं वाकडी जातात. पलीकडून या. असं." तिची बोटं माझ्यावर आली. पहिल्यांदाच डाव्या हाताची. खळगीत एकदा दाबून पाहिलं, सोडलं, पुन्हा दाबलं. सुई आली कधी आणि पाणी चढलं कधी, मलाच कळलं नाही.

मावशी पुढे सरसावल्या. त्यांनी त्या ताज्या भोकावरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. मग तिसऱ्यांदा.

"हे तर सरळ आहे," त्या म्हणाल्या.

"सरळच असणार, मावशी. मी जन्माची डावरी आहे. वाकडी भोकं शिकाऊ डाव्याची. तुम्ही मला एकदा टोचून दाखव म्हणाला असतात ना, तर तिथेच कळलं असतं."

इतकी वर्षं भोकं मोजलेल्या मावशींनी खुर्ची ओढली, बसल्या, आणि कापडाची सळसळ झाली. त्या बाही वर करत होत्या.

"रबरावर काय, कुणीही टोचेल," त्या म्हणाल्या. "उद्या परीक्षेत खरा हात असणार. बाई समोर आहेत, बघतील. माझ्यावर सराव कर."

मावशींचा दंड माझ्या शेजारीच फळीवर टेकला होता. उबदार होता आणि जाडजूड. मोठ्या बाई विचारत होत्या, "नक्की ना, मावशी?" आणि मावशी म्हणत होत्या, "नक्की वगैरे मी कधी नसते. टोच म्हटलं ना."

डावरी बराच वेळ चाचपत राहिली. "तुमची शीर लपून बसलीय, मावशी."

"बसेलच. माझी आहे ना."

मुली हसल्या. डावरीही हसली, जराशी. मग मोठ्या बाईंनी आपला कापरा हात तिच्या बोटावर ठेवला आणि म्हणाल्या, "घाई नको. डोळे मीट. खोल दाब, मग सोड. रबरासारखं काही उसळतंय?" "नाही. ... हो. इथे. अंगठ्याच्या बाजूला, खूप खोल." "ठोका लागतोय का तिथे?" "नाही." "मग ती धमनी नाही. शीरच. जा पुढे." आणि पहिल्याच खेपेला रक्त आलं. मावशींनी पापणीही लवू दिली नव्हती, असं मुली नंतर सांगत होत्या. सुई निघाली, कापूस दाबला गेला.

"दुखलं?" डावरीनं विचारलं.

"नाही," मावशी म्हणाल्या, आणि मग त्यांना राहवेना. "खरंच टोचलंस ना?"

डावरी पास झाली. पहिली वगैरे आली नाही, पास झाली. मावशींशी ती बोलू लागली, पण पूर्वीसारखी मोकळी व्हायला तिला वर्ष लागलं, आणि मला वाटतं ते रास्तच होतं. मोठ्या बाईंनी रुग्णांना टोचणं कायमचं सोडलं, तसं स्वतः लिहून दिलं. पण शिकवणं सोडलं नाही. त्यांचा थरथरता हात मुलीच्या बोटावर असायचा आणि मुलीचं बोट माझ्यावर. त्या हातावर हात ठेवून जेवढ्या मुली शिकल्या, तेवढ्या त्यांच्या धडधाकट हाताकडे बघून शिकल्या नसतील. डावखुऱ्या मुलींसाठी त्यांनी टेबलाची दुसरी बाजू मोकळी करून घेतली. मावशी कुलूप तीनदा ओढतच राहिल्या. स्वभावाला औषध नाही. पण काही कमी भरलं की आधी जाऊन विचारायच्या, मग संशय घ्यायच्या.

पुढे दोघीही निवृत्त झाल्या. शाळेत नवा हात आला. त्याच्यात म्हणे दिवे लागतात आणि चूक झाली की तो शीळ घालतो. मला खालच्या कप्प्यात ठेवलं. कुणीतरी नळ्यांतलं पाणी न काढताच ठेवलं, ते आत वाळून गेलं. पावडर लागत नाही, म्हणून कोपराच्या खळगीत मला चिरा पडू लागल्या आहेत. रबर वापरानं झिजतं खरं, पण वाळून मरतं ते पडून राहिल्यानं. तुमच्या शाळेतही असं काही कपाटात पडलेलं असेल, तर एकदा बाहेर काढून पुसा. एवढी माझ्यासाठीची विनंती.

आणि एक तुमच्यासाठी. स्वतःचा एक हात सरळ पसरा, मूठ आवळा आणि कोपराच्या खळगीत बोट दाबून पाहा. मऊ, उसळणारी दोरी लागेल, ती शीर. खाली ठोका देत पळते, ती धमनी. मग शेजारच्या मित्राची पाहा. ती तुमच्या जागी नसेल, तुमच्यासारखी नसेल, कदाचित लपून बसली असेल. म्हणून ती नाहीच, असं ठरवू नका. धीर धरून शोधा. फक्त त्याच्या हाताला हात लावण्याआधी त्याला विचारा.